गोरिला, केळं आणि ४५ अंश

१९९१ साली एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीसोबत मायक्रोसॉफ्टने क्यूबेसिक दिलं आणि नमुना प्रोग्राम म्हणून एक खेळही दिला: गोरिलाज. दोन गच्च्यांवर दोन गोरिला, मध्ये उंचसखल शहर. कोन टाका, वेग टाका, एंटर मारा. फुटणारं केळं गिरक्या घेत निघतं. वाटेत सूर्याला लागलं तर सूर्य आ वासतो. इंजिनिअरिंगला टर्बो सीसाठी आम्ही डॉसबॉक्स टाकायचो. त्यात प्रॅक्टिकलपेक्षा जास्त वेळ या केळ्यांवर गेला.

नेम धरायची आमची रीत साधी होती. पहिली फेक ४५ अंशांत. केळं पलीकडे गेलं तर वेग कमी, अलीकडे पडलं तर जास्त. एक पुढे आणि एक मागे मिळालं की मधला आकडा. आम्ही त्याला ऐटीत बायनरी सर्च म्हणायचो. तोफखान्यातली माणसं संगणक येण्याआधीपासून हेच करत आली आहेत.

मध्ये टोलेजंग इमारत आली की खरी मजा. तेव्हा केळं उंच उडवावंच लागतं. हवेचा विरोध सोडला तर फेकलेली वस्तू पॅराबोलात जाते, हे गॅलिलिओने १६३८च्या पुस्तकात सिद्ध केलं. वेग तोच ठेवून ३० अंशांत फेका किंवा ६० अंशांत, समान उंचीवर वस्तू एकाच जागी पडते. मग नेहमी ६०च का नाही? उत्तर खेळाच्या कोडमध्येच आहे, तो क्यूबेसिकमध्ये उघडून वाचता येतो. वारा म्हणजे तिथे निव्वळ आडवं गुरुत्वाकर्षण. वाऱ्याचा आकडा ५ने भागायचा, वेळेच्या वर्गाने गुणायचा, निम्मं करायचं. केळं तितकं सरकतं. ६० अंशांतलं केळं ३०पेक्षा १.७३ पट वेळ हवेत राहतं, म्हणून वारा त्याला तिप्पट ढकलतो. उंच फेकीत वाऱ्याचा बाण आधी बघायचा तो यासाठी.

हवेचा विरोध मात्र या खेळात नाहीच. खऱ्या गोळ्याला तो असतो आणि मग सोपं सूत्र उरत नाही; मार्गाचा एकेक तुकडा मोजत कोष्टक बनवावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी तोफांची ही कोष्टकं फिलाडेल्फियात गणित शिकलेल्या मुली करत होत्या. त्यांच्या कामाचं नावच ‘कॉम्प्युटर’. टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रावर एका गोळ्याचा मार्ग काढायला सुमारे २० तास लागत. एनिअ‍ॅक याच कामासाठी १९४३ मध्ये मंजूर झाला; त्याला अर्धं मिनिट पुरे. तो तयार होईतो युद्ध संपलं होतं, आणि त्याला पहिलं मोठं गणित मिळालं ते हायड्रोजन बॉम्बचं. माझा पगार ज्या यंत्राच्या वंशजांवर चालतो, त्याचा जन्मदाखला हा असा.

पण या सगळ्यांत मला ज्याच्याशी बोलावंसं वाटतं तो माणूस फार जुना. गॅलिलिओच्या १०१ वर्षं आधी, १५३७ साली, निकोलो तार्तालियाने ‘नोव्हा सायंटिया’ या पुस्तकात सांगितलं की तोफ ४५ अंशांवर सर्वांत लांब मारते. गोळ्याचा मार्ग त्याने चुकीचा काढला होता: सरळ रेष, मग वर्तुळाचा तुकडा, मग पुन्हा सरळ रेष. तरी कोन बरोबर! पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत तो लिहितो की शेजाऱ्याला मारण्याची कला आपण सुधारतोय याची लाज वाटून त्याने आधीचे सगळे कागद नष्ट केले होते. पुढे तुर्की सुलतान चाल करून येणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा हे लपवणं त्याला बरं वाटेना. त्याने ते छापलं.

तार्तालिया हे त्याचं टोपणनाव, अर्थ तोतरा. १५१२ मध्ये फ्रेंच सैन्याने ब्रेशिया शहर लुटलं तेव्हा तो लहान मुलगा होता, आणि एका सैनिकाच्या तलवारीने त्याचा जबडा फाटला. वण झाकायला त्याने पुढे कायम दाढी ठेवली.