मत्स्यालय, घरगुती : आवाज व त्याचे नियंत्रण

घरगुती मत्स्यालय : आवाज व त्याचे नियंत्रण. घरातल्या फिश टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या, गाळणाऱ्या आणि त्यात हवा सोडणाऱ्या यंत्रणेतून निघणारा नकोसा आवाज व तो कमी करण्याच्या रीती. आवाज वाढला की दोष सहसा मोटरीला दिला जातो आणि उपाय म्हणून नवी, महाग मोटर बसवली जाते. तपासून पाहिले तर खळखळ, गुडगुड आणि छपछप हे बहुतेक आवाज पाण्यात अडकलेल्या हवेचे निघतात. पाणी उंचावरून पडताना किंवा नळीतून उतरताना हवा सोबत ओढून नेते, आणि कानाला ऐकू येतो तो त्या हवेचा आवाज. मोटरीची घरघर त्याहून वेगळी असते आणि तिचा उपायही वेगळा. म्हणून टाकी शांत करायची तर पैसे खर्च करण्याआधी पाण्याची वाट तपासावी, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

पडणारे पाणी हवेमुळे कसे गाजते याचा मोठ्या प्रमाणावरचा दाखला धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग किल्ल्यात मिळतो. नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ यांना जोडणारा बोरी नदीवरचा दगडी बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला (कारकीर्द १५८०–१६२७) असून पाणीमहाल हे दालन त्याच्याच पोटात आहे. पावसाळ्यात बंधारा भरला की जादा पाणी ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून खाली कोसळते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तुंबलेले पाणी निःशब्द असते. तेच पाणी काठ ओलांडून खाली आदळले की जवळ उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. पाणी तेच, नदी तीच. मध्ये भर पडते ती पडण्याच्या उंचीची आणि हवेची. डच खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिन्नार्ट यांनी १९३३ साली पाण्यातल्या बुडबुड्याच्या स्वराचे गणित मांडले. बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत ठरावीक कंप्रतेने कंपित होतो, आणि आकार जितका लहान तितका स्वर उंच. १ मिलीमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपने करतो, ३ मिलीमीटरचा सुमारे १,१००. माणसाचा कान २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असल्याने टाकीतले बारीक बुडबुडे रात्रीच्या शांततेत हमखास जाणवतात. केंब्रिज विद्यापीठातील अभियंत्यांनी २०१८ साली दाखवून दिले की गळत्या नळाची टपटपसुद्धा थेंब आदळल्याने होत नाही. थेंबामागोमाग पाण्याखाली अडकलेला हवेचा बुडबुडा ती करतो. पाण्यात भांड्यांचा साबण मिसळताच ती थांबली. माशांच्या टाकीत साबण टाकणे म्हणजे मासे मारणे, म्हणून तो उपाय इथे बाद. पण निष्कर्ष कामाचा आहे. हवा अडकली नाही तर पाणी बोलत नाही.

ज्या टाकीचे पाणी कडेच्या नळीतून खालच्या गाळणटाकीत उतरते आणि पंपाने पुन्हा वर चढते, तिथे हे तत्त्व थेट लावता येते. तासाला १,००० लिटर पाणी ६० सेंटिमीटर खाली पडत असेल तर पडण्यात साधारण दीड वॉट शक्ती खर्च होते. तिचा अत्यल्प अंश ध्वनी झाला तरी खोली भरायला पुरतो. उभी नळी अर्धी पाण्याने आणि अर्धी हवेने भरलेली असली की पाणी भिंतीला आपटत, हवा गिळत उतरते. गुडगुड येते ती यामुळे. डर्सो नळीत उभ्या नळीच्या डोक्यावर टी व खाली वळलेला कोपर बसवून वर एक बारीक छिद्र ठेवतात. छिद्रातून जाणारी हवा कमीजास्त करून नळी एकदम रिकामी होण्याचे झटके थांबवता येतात. याहून शांत पद्धत म्हणजे पूर्ण सायफन: खालच्या टोकाला व्हॉल्व्ह लावून प्रवाह इतका आवळायचा की नळी काठोकाठ पाण्याने भरून वाहील आणि हवेला आत शिरायला जागाच उरणार नाही. नळीचे तोंड खालच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडालेले पुरते. फार खोल नेले तर सुरुवातीला नळीतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरत नाही. काटकोनी कोपराऐवजी ४५ अंशांचे दोन कोपर लावल्यास प्रवाह कमी फाटतो.

सायफनवर घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे. त्याच्या तोंडाशी एखादे पान किंवा गोगलगाय अडकली की पंप वर पाणी चढवतच राहतो आणि पाणी फरशीवर येते. म्हणून सायफनच्या जोडीला, थोड्या वरच्या पातळीवर, एरवी कोरडी राहणारी दुसरी नळी असलीच पाहिजे. तीन नळ्यांच्या रचनेत एक सायफन, एक किंचित पाणी वाहणारी उघडी नळी आणि एक कोरडी राखीव नळी असते. दुसरी कसोटी वीज जाण्याची. पंप थांबला की वरचे पाणी खाली उतरते. तेवढी रिकामी जागा खालच्या टाकीत हवी, आणि परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत छिद्र हवे, म्हणजे उलटा सायफन तिथेच तुटतो. वीज आल्यावर कोणी हात न लावता यंत्रणा पुन्हा शांतपणे सुरू झाली, तरच ती ग्रामीण भागातल्या वीजपुरवठ्याला योग्य म्हणावी.

धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत मात्र खालची टाकी नसते. दोन फुटांची काचेची पेटी, काठावर टांगलेला किंवा आत बुडवलेला फिल्टर आणि हवेचा छोटा पंप एवढाच सरंजाम असतो. इथे आवाजाचे मूळ ऋतूत आणि पाण्यात आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बाष्पीभवन वाढते. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या पेटीत पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे १.८ लिटर पाणी उडाले. टांगलेल्या फिल्टरचे पाणी पातळी भरलेली असताना घसरत आत जाते. पातळी चार सेंटिमीटर उतरली की ते पडू लागते आणि मार्चमध्ये मुकी असलेली टाकी मेमध्ये छपछपते. मोटर तीच असते. त्यावर औषध एकच, रोज तांब्याभर पाणी घालणे. मात्र वाफ होऊन उडते ते पाणी, क्षार मागेच राहतात. बेसॉल्टमधल्या विहिरी-बोअरचे पाणी अनेकदा जड असते, आणि नुसती भर घालत राहिल्यास टाकीतले पाणी आणखी जड होत जाते. त्याचा पांढरा थर मोटरच्या चुंबकी पंख्यावर आणि दांडीवर बसतो, पंखा डगमगतो आणि खडखड सुरू होते. म्हणून थोडे पाणी अधूनमधून बदलावे, आणि पंखा बाहेर काढून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून, घासून, स्वच्छ धुऊन बसवावा. जिचे श्रेय नव्या मोटरीला दिले जाते ती शांतता पुष्कळदा एवढ्यावर परत मिळते.

उरते ती खरी यांत्रिक घरघर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. छोट्या पंपातला चुंबकी पंखा तिच्याच तालावर, साधारणपणे मिनिटाला ३,००० फेरे घेतो, आणि हवेच्या पंपातला रबरी पडदाही त्याच तालावर थरथरतो. हा खर्जातला आवाज हवेतून फारसा येत नाही. पंपातून काचेत, काचेतून लाकडी स्टँडमध्ये उतरतो आणि मोठ्या फळीमुळे वाढतो. म्हणून मोटर काचेला टेकू नये, हवेचा पंप फळीवर न ठेवता टांगावा किंवा स्पंजवर ठेवावा. त्याची हवा चिमटा लावून कोंडल्यास पडद्यावर ताण येऊन घरघर वाढते. जादा हवा टी लावून बाहेर सोडणे बरे. इन्व्हर्टरवर मोटर जास्त गुणगुणत असेल तर दोष मोटरीचा नसण्याची शक्यता अधिक. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर साध्या मोटरीला गुळगुळीत चालू देत नाही.

या सगळ्या खटाटोपापेक्षा रात्री मोटर बंद करावी, असा सोपा सल्ला दिला जातो. तो घातक आहे. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात आणि त्यासाठी त्यांना सतत प्राणवायू लागतो. फिल्टरच्या बंद डब्यात काही तासांत तो संपतो, जिवाणू मरू लागतात आणि सकाळी मोटर सुरू होताच डब्यातले घाण पाणी टाकीत येते. यंत्रणा फोमच्या खोक्यात कोंडण्याचा दुसरा सल्ला हवेच्या पंपाला तापवतो आणि पाण्यातल्या बुडबुड्यांना हातही लावत नाही. या सल्ल्यांहून एक आक्षेप अधिक वजनदार: पाणी पडले नाही तर मासे गुदमरतील. वायूंची देवघेव पाण्याच्या पृष्ठभागावर होते, आणि पृष्ठभाग हलता ठेवायला उंचावरून पाणी पाडण्याची गरज नाही. परतीच्या नळीचे तोंड पाण्याच्या पातळीखाली किंचित वर वळवले की तरंग उठतात, पाणी आदळत नाही. तरीही या युक्तिवादाला मर्यादा आहे. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना सुमारे ७. जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या पठारावर उंचीमुळे आणखी थोडा कमी. मेमधल्या दुपारी, टाकीत मासे दाटीने असतील तर, बुडबुड्यांचा आवाज सोसावा.

वाहत्या पाण्याचा आवाज मनाला बरा वाटतो, मग तो का घालवायचा, असेही विचारले जाते. नळदुर्गला लोक त्या आवाजासाठी आवर्जून जातात, पण तिथे कोणाला झोपायचे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शनात झोपण्याच्या खोलीसाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. छपछपणारी टाकी ती सहज ओलांडते. शिवाय माणसाला ऐकू येते ते माशाला ऐकू येते असे नाही. पाणी आणि हवेच्या सीमेवर ध्वनीचा हजारात जेमतेम एक भाग पलीकडे जातो, त्यामुळे पाण्यात बुडवलेल्या मोटरीची घरघर बाहेर क्षीण वाटली तरी आत पूर्ण असते. गोल्डफिश व कोई यांच्यात वायुकोश आणि अंतःकर्ण यांना जोडणारी हाडांची साखळी असते. शरीररचनाशास्त्रज्ञ वेबर यांनी तिचे वर्णन १८२० मध्ये केले. त्यामुळे हे मासे चांगले ऐकतात. यावरून उपायांचा क्रम ठरतो. आधी पातळी भरावी, मग नळीतली हवा काढावी, त्यानंतर पंखा साफ करून मोटर काचेपासून सोडवावी. नवी मोटर सर्वांत शेवटी. पहिल्या दोन उपायांनी घरातली माणसे झोपतात. तिसरा, बाहेर फरक जाणवला नाही तरी, माशांसाठी करावाच लागतो.