हळद बाजारातले ऑब्जेक्ट

ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६०च्या दशकात ‘सिम्युला’ ही प्रोग्रामिंग भाषा घडवली. आज्ञांच्या यादीआधी व्यवहारातले घटक ओळखायचे, ही दृष्टी तिथूनच आली.

अशा घटकांचे आराखडे मांडण्यासाठी नोव्हेंबर १९९७मध्ये ‘यूएमएल’ ही आकृत्यांची प्रमाण भाषा ठरली.

हे शिकणाऱ्या हिंगोलीच्या विद्यार्थ्याला उदाहरणासाठी एटीएमच कशाला हवे? तिथल्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात शेतकरी, अडत्या, खरेदीदार, कट्टा (पोते), लिलाव असे क्लास, म्हणजे घटकांचे प्रकार, समोरच आहेत. वजन कट्ट्याचे, बोली लिलावाची, हिशेबपट्टी अडत्याची. कोणती माहिती आणि कोणते काम कुणाकडे, हे ठरवणे म्हणजेच डिझाइन. विश्लेषणाचा खरा कस इथेच लागतो. भाव कट्ट्याच्या क्लासमध्ये कोंबला, तर आराखडा फसतो, कारण भाव ठरतो लिलावात.