महाभूमी संकेतस्थळ
महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्याचे, पुण्यातील जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमी अभिलेख यांच्या अखत्यारीतील संकेतस्थळ. एकच दप्तर खात्यातील अंमलदार आणि बाहेरील खातेदार या दोहोंस उपयोगी पडावे, म्हणून येथे प्रवेशद्वारेच भिन्न ठेविली आहेत : हवेली तालुक्यातील हडपसरचा सातबारा कोणासही विनामूल्य पाहता येतो, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपये भरून मिळतो, परंतु फेरफार तलाठ्याने नोंदवावा आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावा, हा अधिकार ई-फेरफार प्रणालीत त्यांच्यापुरताच राखलेला आहे. ही विभागणी सर्वथा इष्ट होय. कारण मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून जेथे नगर वसविले, त्या हडपसरात एकेका नोंदीवर अनेक कुटुंबांचा हक्क अवलंबून असतो.