उड्डाण-माहिती आच्छादन (हवाई कसरती)

हवाई कसरतींच्या व्हिडिओवर विमानातील उपकरणांनी नोंदवलेला वेग, उंची, कल आणि गुरुत्वभार (जी) आकड्यांच्या किंवा तबकड्यांच्या रूपात चढवण्याचे तंत्र. नुसत्या चित्रात क्षितिज गरगरताना दिसते. वैमानिकाच्या शरीरावरचा भार दिसत नाही. साध्या लूपच्या (उभ्या वर्तुळातील कसरतीच्या) आरंभी सु. ४ जी भार येतो, माथ्यावर तो १ जीच्याही खाली उतरतो. हा चढउतार चित्रासोबत वाचला की चूक नेमकी कोठे झाली ते उमगते. प्रशिक्षणात या तंत्राचे खरे मोल तेच.

विमानातील गार्मिन जी१००० ही उपकरणप्रणाली मेमरी कार्डावर सेकंदाला एक नोंद करते. सरळ प्रवासाला ती पुरते, पण एक्स्ट्रा ३०० सारखे कसरतीचे विमान तेवढ्यात जवळपास पूर्ण रोल (स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती गिरकी) मारते. म्हणून त्वरणमापक व जायरोस्कोप यांच्या जलद नोंदी लागतात. जीपीएसवर विसंबणे येथे धोक्याचे: विमान उलटे झाले की अँटेना जमिनीकडे वळतो आणि उपग्रहांचे संकेत तुटू शकतात. शिवाय सरळ वर चढताना जीपीएसवरचा जमिनीसापेक्ष वेग शून्याजवळ दिसतो, हवेतला वेग मात्र बराच असतो.

सर्वांत जिकिरीचे काम वेळ जुळवण्याचे. चित्रात नाक झटक्याने वर उचलले जाते ती चौकट आणि आलेखात भार एकदम वाढतो तो क्षण एकावर एक आणतात. अर्ध्या सेकंदाचा फरक राहिला तरी विश्लेषण फसते. गोप्रोच्या हीरो५ ब्लॅक (२०१६) या कॅमेऱ्यात जीपीएस व हालचालीच्या नोंदी व्हिडिओ फाइलमध्येच साठू लागल्याने हौशी वैमानिकांची ही खटपट बरीच कमी झाली.