नावड्याहून दिसणारा डोंगर

गेल्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवास आपल्या एका सभासद भगिनीने स्वित्झर्लंडच्या सहलीची छायाचित्रे आणली होती. ल्यूसर्न गावचा चौदाव्या शतकातला लाकडी पूल, लाउटरब्रुनेनच्या कड्यावरून पडणारा सुमारे ३०० मीटर उंचीचा धबधबा, आरशासारखी सरोवरे, बर्फाचे डोंगर. सगळ्याजणी पाहून थक्क झालो. कोणीतरी म्हणाली, "आपल्या बाजूला यातले काहीच नाही!" माझ्या सासूबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. त्या म्हणाल्या, "का गं, माथेरान कुठे गेलं?"

त्यांचे माहेर पनवेलच्या पुढे नेऱ्याकडचे. लग्नाआधी मे महिन्यात त्या आईबरोबर डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पाटी घेऊन धोधाणीच्या वाटेने माथेरान चढत. पाटीत करवंदे, जांभळे, काकडी असे. बंगल्यांवर माल विकून दिवस मावळायच्या आत उतरायचे. तेव्हापासून मी मिळेल तिथून माथेरानविषयी वाचू लागले. जे हाती लागले ते यथामति इथे मांडते.

पुस्तकातले माथेरान १८५० च्या मे महिन्यात सुरू होते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम चौकला होता. त्या काळी मुंबईचा माणूस मचव्याने पनवेल बंदराला उतरे आणि चौक, खोपोली करीत बोरघाट चढून पुण्यास जाई. चौक त्या हमरस्त्यावरचे गाव. साहेब तिथून वन ट्री हिलच्या बाजूने डोंगर चढले, वरची हवा आणि झाडी त्यांना आवडली, पुढे त्यांनी वर घर बांधले. मागोमाग मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले. १८५६ साली रेल्वे नेरळवरून पुढे गेली आणि मुंबईच्या श्रीमंतांना माथेरान जवळ आले. सगळीकडे लिहिलेले असते की मॅलेट यांनी माथेरानचा "शोध लावला".

हा शब्द मला खटकतो. शोध हरवलेल्या वस्तूचा लागतो. माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान, हे नाव काही साहेबाने ठेवलेले नाही. ज्याला आपण शार्लोट तलाव म्हणतो, त्याच्या काठी पिसारनाथाचे देऊळ आहे आणि पिसारनाथ हे तिथले ग्रामदैवत. डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ साली माथेरानवर पुस्तक छापले, त्यातही धनगर, ठाकर, कातकरी या डोंगरच्या लोकांची माहिती आहे. परंतु त्या मे महिन्यात साहेबांना वाट कोणी दाखवली, त्यांचे पाणी कोणी वाहिले, त्या माणसांची नावे मला कुठेच सापडली नाहीत. टोकांची नावे मात्र पाहा: लुइझा, अलेक्झांडर, हार्ट, गार्बट!

मग वाटले, त्या आल्प्सची काय हकीगत असेल? तर तीही फार निराळी नाही. मॅलेट माथेरानास आले त्याच सुमारास इंग्रज मंडळी आल्प्सची शिखरे सर करू लागली होती. १८५७ साली लंडनमध्ये त्यांनी आल्पाइन क्लब काढला. तिथला शेतकरी आणि गुराखी तेव्हा गरीबच होता. पाहुण्याचे सामान वाहणे आणि त्याला बर्फातून वाट काढून देणे, हा त्याचा जोडधंदा झाला. १८६५ मध्ये मॅटरहॉर्न सर झाला तेव्हा सातजण माथ्यावर पोहोचले आणि उतरताना चौघे पडून मेले. त्यांत मिशेल क्रोझ हा शामोनी गावचा वाटाड्या होता. त्याचे नाव पुस्तकात आहे.

त्याहून जुनी एक गोष्ट आपल्या मंडळाने ऐकावी अशी आहे. शामोनी हे फ्रान्सच्या हद्दीतले गाव, मों ब्लां या उंच पर्वताच्या पायथ्याशी. तो पर्वत १७८६ साली प्रथम चढला गेला. १८०८ साली मारी पारादी नावाची बाई त्याच्या शिखरावर पोहोचली, आणि तिथे पोहोचलेली ती पहिली स्त्री. ती कोणी सरदाराची मुलगी नव्हती, गावातली मोलकरीण होती. चढ इतका अवघड गेला की शेवटी वाटाड्यांनी तिला ओढत नेले. एवढा जीव का धोक्यात घातला? तर नाव झाले की लोक बघायला येतील आणि चार पैसे मिळतील, म्हणून. आणि तसेच झाले. ती येणाऱ्याजाणाऱ्यांना फराळाचे देऊन त्यावर पोट भरू लागली. मला ही बाई फार जवळची वाटते. आमच्या सासूबाईंची पाटी आणि तिचा फराळ यांत मला तरी फरक दिसत नाही.

माथेरानच्या आगगाडीविषयी थोडक्यात सांगते, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये घालून ती बांधली आणि १९०७ साली ती सुरू झाली. युरोपात डोंगर चढणारी रिगीची दातेरी गाडी १८७१ सालची, म्हणजे आपणही फार मागे नव्हतो. २००५ च्या जुलैतील पुराने रूळ वाहून गेले तेव्हा ती दोन वर्षे बंद पडली, आणि पुढेही अपघाताने व पावसाने अनेकदा थांबली. गाडीखेरीज वर जाणाऱ्याला घोडा, नाहीतर माणसाने ओढलेली रिक्षा. आपण बसायचे आणि दुसऱ्याने चढावर धापा टाकीत ओढायचे, हे २०२५ पर्यंत चालू होते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ही रीत अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती. ज्या चौकहून मॅलेटसाहेब निघाले, त्याच चौकच्या जवळ इर्शाळगड आहे. गडाच्या कमरेला इर्शाळवाडी नावाची ठाकरांची वाडी होती. खाली मोरबे धरणाचे पाणी, जे नवी मुंबईला पुरवले जाते. सृष्टिसौंदर्य म्हणाल तर छायाचित्रात घालावे असे. वाडीला गाडीरस्ता नव्हता. २०२३ च्या जुलैत तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि १९ जुलैच्या रात्री दरड झोपलेल्या माणसांवर आली. यंत्रे वर नेता येईनात, तेव्हा माणसांनी हातांनी चिखल उपसला. २७ जणांचे देह मिळाले, ५७ जण मिळालेच नाहीत. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे तेव्हा सरकारकडून सांगण्यात आले.

दोन वर्षांनी, २०२५ च्या मे महिन्यात, स्वित्झर्लंडमधील ब्लाटेन या गावावर अख्खी हिमनदी कोसळली आणि बहुतेक गाव गाडले गेले. परंतु डोंगर हलतो आहे हे तज्ज्ञांनी आधीच ताडले होते. कोसळण्याच्या नऊ दिवस अगोदर तिथल्या सुमारे ३०० माणसांना गाव सोडायला लावले होते, गुरेसुद्धा खाली आणली होती. गावाबाहेर असलेला एक मेंढपाळ तेवढा दगावला. तो देश श्रीमंत आहे, त्याच्याजवळ साधने आहेत, हे मला कळते. पण यादीत नाव असायला साधने किती लागतात, हे मला कळत नाही.

इर्शाळवाडीची बातमी आली त्या रात्री सासूबाई दूरदर्शनसमोरून उठल्या नाहीत. त्या बाजूच्या बाया चौकच्या बाजारात त्यांना भेटत असत.

या मार्गशीर्षात आम्ही मंडळाच्या पाचजणी धोधाणीच्या वाटेने माथेरानला गेलो. पनवेलहून एस.टी.ने नेरे, मालडुंगे करीत धोधाणी, आणि तिथून पायी. मला वर पोहोचायला अडीच तास लागले, वाटेत चार वेळा बसले. एक ठाकरीण दुधाचा कॅन डोक्यावर घेऊन आमच्या मागून आली आणि बोलता बोलता पुढे गेली. रोज चढते, म्हणाली. लहानपणी आईच्या मागे येई, आता तिची सून कधी कधी येते. परतताना ती पुन्हा भेटली, कॅन रिकामा, आणि ओच्यातले मूठभर आवळे तिने मला दिले. वरच्या टोकावरून प्रबळगड समोर दिसतो, आणि त्याच्या पलीकडे सपाटीवर पनवेल, तळोजा, आपली बाजू. धुरकट हवेत नावडे काही ओळखता आले नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी दोन प्रश्न विचारले. पिसारनाथाला नारळ दिलात का? तो दिला होता. आवळे दिले त्या बाईचे नाव काय? ते मी विचारले नव्हते.