तिसऱ्या पायरीवरचा धोका

हिमस्खलन म्हटलं, की डोंगरानं माणसावर घातलेला घाला असं चित्र आपल्यापुढे येतं. पण स्की पायांना बांधून आडवाटेच्या बर्फाळ उतारांवर जाणाऱ्यांचा इतिहास वाचताना मला वेगळंच दिसलं. त्यांच्यातल्या बहुतेकांना गाडणारं स्खलन त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भारानंच सुटलेलं असतं. खालचा थर ठिसूळ असतो, वरची घट्ट लादी तडकते आणि सबंध उतार निसटतो.

या बर्फाचा पद्धतशीर अभ्यास १९३६ साली स्वित्झर्लंडमध्ये, दावोसजवळच्या वाइसफ्लुयोखवर सुरू झाला. १९५०-५१च्या हिवाळ्यात त्या देशात हिमस्खलनांनी ९८ बळी घेतले. तेव्हा काळजी होती ती गावांची. पुढे उतारांवर अडसर उभे राहिले, धोक्याच्या जागांचे नकाशे झाले. मग मृतांच्या यादीत हौसेनं डोंगरात जाणारेच अधिक दिसू लागले. १९९३मध्ये युरोपातल्या देशांनी धोक्यासाठी पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी ठरवली.

याच दशकात व्हेर्नर मुंटर या स्विस वाटाड्यानं प्रश्नच बदलला. तोवर लोक खड्डा खणून थर तपासत आणि 'हा उतार सुटेल का?' असं विचारत. मुंटरचं म्हणणं असं, की बर्फ एकाच उतारावर जागोजागी वेगळा असतो, त्यामुळे खात्रीचं उत्तर मिळतच नाही. तेव्हा आपण किती धोका पत्करायचा, ते आधी ठरवा. त्याचा साधा नियम असा: दुसऱ्या पायरीला ४० अंशांहून तीव्र उतार सोडा, तिसरीला ३५, चौथीला ३०.

पाचातली तिसरी म्हणजे मधली, असं आपल्याला वाटतं. मुंटरच्या हिशेबात मात्र प्रत्येक पायरीला धोका दुप्पट होतो. स्वित्झर्लंडमधले जवळपास निम्मे मृत्यू या तिसऱ्या पायरीच्या दिवशीच होतात.

अमेरिकेत इयन मॅकॅमन यांनी २००४मध्ये ७१५ अपघातांचा अभ्यास मांडला. ओळखीचा उतार, पुढे गेलेली माणसं, जाणत्या सोबत्यावरची भिस्त आणि ताज्या बर्फाची ओढ यांपुढे शिकलेलं ज्ञानही मागे पडतं, असं त्यांना आढळलं. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या टनेल क्रीकच्या उतारावर १६ जण गेले. बहुतेक मुरलेले, कित्येकांच्या पायांखालचा तो उतार. तिघे परतले नाहीत.

'माझा जीव, माझा धोका' असं कुणी म्हणतं, तेव्हा मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवायला पहिली दहा-पंधरा मिनिटंच काय ती हाताशी असतात. एवढ्या वेळात बाहेरची मदत सहसा पोहोचत नाही. फावडं हाती घ्यायचं असतं ते सोबत्यांनी, त्याच उतारावर उभं राहून. म्हणून धोका किती पत्करायचा, हे एकट्यानं मनात ठरवून भागत नाही. निघण्यापूर्वी ते सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं बोलून ठरवायला हवं आणि 'मी येत नाही' म्हणणाऱ्याचं ऐकायला हवं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)