सर, तो तिथे झोपला कसा?

महालातून जाताना शाळेतली एक मुलगी हमखास आठवते. वर्गात नागपूरकर भोसले चालले होते. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजीराजांचा वाड्यातच खून झाला. गादी चुलतभाऊ आप्पासाहेबांकडे गेली. त्याच नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांनाही काढलं. मग दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा, लहानगा बाजीबा, दत्तक आला. नाव बदलून तिसरा रघूजी झाला. घरात बाकाबाई, कारभारात रेसिडेंट जेन्किन्स. नवं नाव, नवी गादी. वाडा मात्र तोच!

"सर, तो तिथे झोपला कसा?"

पुस्तकात पुढचं होतं ते असं: १८५३ मध्ये तो निपुत्रिक वारला, १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. मी म्हणालो, "बस खाली, हे परीक्षेला येत नाही."